टाचेची कळ

"टोचतंय?" हरिहर डॉक्टरांनी विचारलं.

"काय?" बायजा म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या तळपायात रुतवलेली सुई उपसून दाखवली, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

नौपाड्यातला दवाखाना नवा, डॉक्टर त्याहून नवे. कोपरीच्या मिठागरात तीस वर्षं राबलेल्या बायजाच्या टाचेत चार दिवस शिंप रुतून होती आणि तिला पत्ताच नव्हता. सुनेने, सगुणाने, ती पाहिली आणि गावभर झालं, महारोग! पंचांनी बायजाला बांधावरच्या खोपीत बसवलं. डॉक्टरांनी महारोगच आहे म्हटलं, तर तिने गाव सोडायचं. आठ दिवसांत तिने वर्षभराच्या नातीला हातसुद्धा लावला नव्हता.

"आगगाडीबरोबर तारायंत्र आलं ना? अंगातही तसंच असतं," डॉक्टर समजावू लागले. "पायाची तार मेंदूला पोचली की दुखतं. तुझी तार तुटलीय, बाई."

माणूस वाईट नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं, सुई टोचून पाहावी. मिठागरातल्या पायाबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हतं.

दर हंगामात आगराचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा, मग उन्हाळाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. बायजाचे तळवे जोड्याच्या तळासारखे झाले होते. ती रडली नाही, चिडली.

"तार नाय तुटली, डाक्तर. वरती कातडं चढलंय. मारुतीला बोलवा."

मारुती न्हावी आला. बायजाचे पाय ऊन पाण्यात भिजत होते. तो दारातच थबकला. "मी नाय हात लावनार. मना बी पोरं हायेत."

सासूबरोबर आलेल्या सगुणाने पदर खोचला, त्याच्या हातातली नखं काढायची नराणी हिसकावली आणि सासूचं पाऊल मांडीवर घेतलं.

कातडीच्या चकत्या पडू लागल्या. बायजा तळव्याकडे टक लावून पाहत होती. डॉक्टरचंच खरं निघालं तर? तळवा गुलाबी दिसायला लागला. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि सुई टोचली.

"आई गं! मेले!"

रस्त्यावरची माणसं धावत आली. बायजा हसत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "दुखलं! सगुने, दुखलं गो! डाक्तर, आनखी टोचा!"

डॉक्टरांनी पाच ठिकाणी टोचलं. पाचही वेळा तिने पाय आखडला. "माझं चुकलं, बाई," म्हणत त्यांनी रोग नसल्याची चिठ्ठी लिहिली आणि जमलेल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवली.

सगुणा बैलगाडी बघते म्हणाली, बायजाने ऐकलं नाही. कोपरीपर्यंत अनवाणी चालत तिने वाटेतल्या प्रत्येक खड्याला शिव्या घातल्या. एवढी खूश ती जन्मात झाली नव्हती.

ओटीवर सगुणाने पोरीला तिच्यापुढे सोडलं. पोर नुकतीच उभी राहायला शिकलेली. आजीचं लुगडं धरून उठली आणि दोन्ही पाय आजीच्या सोललेल्या पावलावर रोवून उभी राहिली. कळ थेट मस्तकात गेली.

बायजाने पाय हलवला नाही.