पुसून ठेवलेलं इंजिन

इंजिन पुसून ठेवणाऱ्या माणसांचा मला राग येतो. गाडीचं असो की बोटीचं, बाहेरून चकाचक दिसलं की मी आधी नाक मुरडतो. आत काहीतरी बिघडलेलं असणार आणि वरून फडकं फिरवलेलं असणार, हा माझा अनुभव.

कप्तानच्या अंगणात फळ्यांवर ठेवलेलं इंजिन अगदी लखलखत होतं.

कप्तान हे आम्ही ठेवलेलं नाव. एकच बोट, तिचा मालक तोच आणि दोर ओढणाराही तोच. खाडीच्या या धक्क्यावरची माणसं पलीकडे न्यायची, हा त्याच्या बापापासूनचा धंदा. वादळात दोर तुटला, बोट धक्क्यावर आपटली आणि तिथेच बुडाली. बोट सुतार उभी करून देणार होता. इंजिन माझ्यावर होतं. ते चाललं नाही तर फेरी कायमची दुसऱ्या नाववाल्याकडे जाणार, असं धक्क्यावरच्या साहेबाने तोंडावर सांगून टाकलं होतं. आणि मी नेमका दुसऱ्या बंदरावर अडकलेलो. निरोप मिळून येईपर्यंत आठवडा उलटला.

"मिस्त्री, यांनी स्वतः बुड्या मारून साखळी बांधली," कप्तानची बायको कौतुकाने सांगत होती. "वर काढलं तसं आम्ही दोघांनी पुसून घेतलं. रोज उन्हात ठेवलं. केस वाळवायचं माझं मशीन जळालं यापायी. संध्याकाळी वरून गोधडी."

"माझी नाही केली कधी एवढी सेवा," कप्तान म्हणाला.

दोघंही हसली. मला काही हसू आलं नाही. मी पाना काढला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार कोणीतरी आतून धडधडा वाजवलं. बाहेरून कडी होती.

"आमचे बाबा," ती जरा ओशाळून म्हणाली. "त्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. मला कधी सूनबाई म्हणतात, कधी नर्स. इंजिन अंगणात आल्यापासून एकच धोशा, पाण्यात घाला, त्याला पाण्यात घाला! अहो, पाण्यातूनच तर काढलं ना? आम्ही पुसायचं आणि त्यांनी मागून बादली ओतायची. काल तर पिण्याच्या पाण्याचं पिंप ढकलत आणलं. मग हे भडकले. हाताला धरून आत नेलं आणि लावली कडी. काय करणार?"

माझा हात पान्यावरच राहिला.

खाऱ्या पाण्यातून काढलेलं इंजिन लगेच खोलता येत नसेल, तर ते गोड्या पाण्याने धुवायचं आणि गोड्या पाण्यातच बुडवून ठेवायचं. मीठ निघून जातं आणि मुख्य म्हणजे हवा लागत नाही. हवा लागली की आतून गंज चढतो, आणि मग बाहेरून कितीही पुसा. म्हाताऱ्याला घरची माणसं ओळखू येत नव्हती, पण एवढं पक्कं आठवत होतं. आणि ते ऐकून घ्यायला घरात कोणी नव्हतं.

मनात म्हटलं, चालू करून दाखवू, मग हा विषयच निघायला नको. इतक्या वर्षांत कुठल्याही इंजिनासाठी मी इतका जीव आटवला नसेल.

तळाचा बोल्ट काढला तर तेलाऐवजी तांबडं पाणी आलं. नोझल काढून आत डिझेल ओतलं, मुरू दिलं. पहार लावून चाक फिरवायला गेलो तर जागचं हलेना. हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो ते लायनर एकमेकांना असे चिकटले होते की मधली रेघ दिसत नव्हती. लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत राहिलो. कप्तान बाजूला उकिडवा बसून प्रत्येक ठोक्याला मान हलवत होता. दुपार कलली तेव्हा पिस्टन सुटला.

"सुटला!" तो ओरडला. बायको आतून धावत आली.

मी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, बाहेर काढला आणि उन्हात धरला. त्यावर आरशासारखी झळाळी लागते. इथे वाळवी लागल्यासारखी भोकं पडली होती. घासून बघितलं. घासावं तसं खोल जात होतं. या जातीचं इंजिन आता कोणी बनवतही नाही. मी क्रँक फडक्यावर ठेवला आणि हात पुसत बसलो.

"बोला ना, मिस्त्री," कप्तान म्हणाला.

"गेलं."

त्याने त्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आमचं काय चुकलं? वाळवण्यात कुठे कमी पडलो?"

गप्प बसावं, असं फार वाटलं. पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. "वाळवायचं नव्हतं," मी म्हणालो. "गोड्या पाण्यात ठेवायचं होतं."

बायकोने तोंडाला हात लावला. कप्तान उठला, सरळ आतल्या दाराशी गेला आणि कडी काढली. म्हातारा बाहेर आला. दार वाजवून त्याचे हात लाल झाले होते. पण चेहऱ्यावर राग नव्हता, काही आठवतच नसावं.

"झालं का सुरू?" त्याने विचारलं.

"झालं, बाबा," कप्तान म्हणाला.

"मग इथे काय करतोस? जा की. माणसं खोळंबली असतील."

कप्तान गेला. चप्पलसुद्धा न घालता धक्क्याकडे गेला. आम्ही तिघं पायरीवर उभे होतो. दुसऱ्या नाववाल्याची बोट निघायच्या बेतात होती. त्याने हाताने ये म्हणून खुणावलं, आणि कप्तान त्या बोटीत चढून इतर उतारूंमध्ये बसला. बोट निघाली.

म्हाताऱ्याने मान तिरकी केली आणि आवाज ऐकत राहिला.

"हे आपलं नाही," तो म्हणाला.

"आपलंच आहे, बाबा," सून म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज तिने घट्ट धरला होता.

"नाही गं. आपलं असं नाही बोलत." तो माझ्याकडे वळला. "तू मिस्त्री ना? तू सांग."

खाडीवरून आवाज स्पष्ट येत होता. हलकं, नवं इंजिन. शाळेतल्या पोरानेही ओळखलं असतं.

"आपलंच आहे, काका," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने हळूच मान हलवली.

"असेल," तो म्हणाला. "मलाच हल्ली काही कळेनासं झालंय."