हुलग्याचं पाणी

माझी पुतणी कस्तुरा अंगानं लय बारीक हाय. सोळावं लागलं तरी माझ्या कोपराला लागती. परवा तिचं लगीन झालं, आन् मांडवात एक बोलणं निघालं. तवापासनं घास नरड्याखाली उतरंना. म्हणून सांगतो. मधी बोलू नका. माझं डोस्कं लवकर फिरतं, हे समद्या गावाला ठावं हाय.

मी हौशीराम. कार्ल्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव. घरात थोरला भाऊ दत्तोबा, त्याची बायको धोंडाबाई म्हंजी माझी वैनी, आन् मी. भाऊ खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगवर कामाला, पंधरवड्यातनं एकदा घरी यायचा. भाताची शेती माझ्या न् वैनीच्या अंगावर. खरं बोलायचं तर वैनीच्याच. कारण मी पैलवान, आन् पैलवानानं चिखलात कंबर मोडून घेऊ न्हाई अशी माझी समजूत.

वैनी नवी नवरी म्हणून आली तवा गाव बघत राह्यलं व्हतं. उंच, खांद्याला रुंद. भाताचं जे पोतं दोघांनी धरायचं, ते ती एकटी पाठीवर घिऊन घरात टाकायची. शेजारची म्हातारी सरुआत्या म्हणायची, "हौश्या, खरी पैलवान तर ही आलीया तुमच्या घरात. तू बस मिशीला पीळ भरत." मला राग यायचा. पण वैनी तोंडाला पदर लावून हसायची, मग राग निघून जायचा.

आमच्या घरात बापापासनं माळ. मटण-अंड्याचं नाव न्हाई. पैलवानकीला काय ते दूध. चांदी नावाची म्हैस व्हती, तिची सकाळ-संध्याकाळची धार मी गोठ्यातच तोंडाला लावायचो. रेडकासाठी एक सड सोडायचा असतो. सोमाटण्याच्या जत्रेची कुस्ती ठरली आन् मी तोबी सोडीनासा झालो. ऐन दिवाळीच्या आधी रेडकू मेलं.

रेडकू मेल्यावर म्हैस पान्हा चोरायला लागली. मग आमच्याकडं करत्यात तेच केलं. रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आणला न् ते चांदीच्या म्होरं उभं केलं. चांदी त्याला हुंगाय लागली, चाटाय लागली. मान, पाठ, समदं चाटून काढलं तिनं. आन् तिला पान्हा फुटला. मी चरवी घिऊन खाली बसलेलो. एक धार काढली न् माझा हात थांबला. मला माझीच लाज वाटली. लाज वाटली ते काय वाईट न्हवतं. म्होरं जे केलं ते वाईट.

मी तडक भैरोबाच्या देवळात गेलो. चारचौघं बसलेली व्हती, तवा तर मला जास्तच चेव आला. भंडारा उचलला आन् म्हणालो, "आजपासनं आमच्या घरात दुसऱ्याच्या तोंडचं दूध येणार न्हाई. दूध न्हाई, दही न्हाई, ताक न्हाई, तूप न्हाई. घरातल्या कुणाच्याबी तोंडात जाणार न्हाई."

कुणाच्याबी म्हणालो मी. त्या येळंला वैनी सहा म्हयन्यांची गरोदर व्हती. तिला इचारलं का? छ्या. घरातल्या पुरुषानं भंडारा उचलला की नेम समद्या घराला लागतो. आन् घरातल्या कुणी तो मोडला, तर ज्यानं उचलला त्याच्यावर उलटतो असं आमी मानतो. वैनीनं ऐकून घेतलं न् चांदीचं दावं सोडून माझ्या हातात दिलं. मी चांदीला मामाकडं पोचती करून आलो.

आमचा कोंडाजी वस्ताद लय भडकला. म्हणाला, "आता काय हवा खाऊन लढणार हाईस?" मग म्हणाला, "घोडं काय खातं? हुलगं. त्याला कुटं तूप लागतं? दूध सोडलंस तर दाण्याला धर. पर भरपूर खा. भातानं नुसतं पोट भरतं, मांस धरायला दाणाच पायजे."

झालं. सकाळी भिजवलेलं हरभरं, दोन मुठी. दुपारी शिजवलेलं हुलगं, ताटभर. सांजच्याला वालाची उसळ, न्हाईतर हुलग्याच्या पिठाचं माडगं. वर शेंगदाणं न् गूळ. म्हयनाभर अंग उतरलं, मग भरलं. जोर-बैठका पहिल्यावानी निघाय लागल्या. तालमीत पोरं दंड चाचपून बघायची. गावात मला बिनदुधाचा पैलवान म्हणाय लागले, आन् मला ते नाव लय गोड लागायचं.

दाणं कुठनं येत व्हतं ते मी इचारलं न्हाई. भाताचं रान आमचं. कडधान्य बांधाबांधानं होईल तेवढंच. घरात हुलग्याची एक कणगी, वालाचं एक मडकं, हरभऱ्याचं गाठुडं. त्यातनं वरीसभर समद्यांनी खायचं. त्या साली धुईनं वालाचा फुलोरा झडला. मला ते ठावं व्हतं. पण माझ्या ताटात उसळ येत व्हती, मग मी कशाला डोस्कं चालवू?

पौषात वैनी बाळंत झाली. पोरगी. तीच ही कस्तुरा. बाळंतिणीला तूप लागतं, हळिवाची खीर लागती. ते समदं नेमात अडकलं. सरुआत्या पाचव्या दिवशी शेळीच्या दुधाची वाटी घिऊन आली. वैनीनं तिला उंबऱ्यातनंच माघारी लावलं. म्हणाली, "आत्या, भावजींनी भंडारा उचललाय. त्यांच्यावर उलटंल."

हे मी वसरीवर बसून ऐकलं. काय वाटलं म्हणता? अभिमान वाटला. छाती फुगली माझी. म्हणलं, घर असावं तर असं.

पोरगी रडायची. सारखी रडायची, आन् रडणंबी कसं, मांजराच्या पिलावानी बारीक. एक दिस मी बैठका मारत व्हतो, हिशेब चुकला, न् मी वरडलो, "वैनी, त्या पोरीला गप करा. मोजणी चुकतीया माझी." वैनी पोरीला घिऊन मागल्या दारी गेली. पुन्हा मला रडणं ऐकू आलं न्हाई. मला वाटलं पोरगी शहाणी झाली. सरुआत्या म्हणाली, "रडायला तरी अंगात बळ लागतं, मेल्या." मी तिच्या तोंडाला लागलो न्हाई, म्हातारी कायमच टोचून बोलायची.

भाऊ सुट्टीला आला तवा म्हणाला, "तू लय वाळलीस गं." वैनी म्हणाली, "अंगावर पाजती, मग वाळणारच की." आमी दोघं भाऊ जेवलो, हात धुतलं, पान खाल्लं. मागनं ती काय जेवली ते ना त्यानं बघितलं ना मी. पुरुषांची पंगत उठल्यावर चुलीपाशी बसून बायका काय खात्यात, ते बघायची आमच्यात रीत न्हाई.

चैतात सोमाटण्याची जत्रा भरली. मी आदल्या दिवशीच गेलो. जोड तळेगावकडचा, माझ्यापरीस वजनानं भारी, रोजचं चार शेर दूध पिणारा. पाव घटका झटला. मग त्याचा दम सुटला, माझा न्हाई सुटला. मी त्याला धोबीपछाडीवर घेतला न् चीत केला. माणसांनी मला खांद्यावर घेतलं.

तळेगावचे चिंतामणी मास्तर फडाचे पंच व्हते. त्यांनी मला फेटा बांधला आन् लोकांपुढं उभं केलं. म्हणाले, "पैलवान, दुधातुपाशिवाय ही ताकद आली कुठून, ते या मंडळींना सांगा."

मी काय सांगितलं ते शब्दन् शब्द ध्यानात हाय. इसरायचं म्हणलं तरी इसरंना. मी म्हणालो, "मास्तर, मुक्या जितराबाच्या तोंडचं काढून मी खात न्हाई. कुणाच्याच तोंडचं काढून खात न्हाई. दाण्यावर पोसलेलं अंग हाय हे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी माझा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी मी दुपारचाच घरी पोचलो. वैनीला वाटलं व्हतं सांजच्याला येईन. म्हणून ती जेवाय बसली व्हती. मी फेट्यासकट सरळ चुलीपाशी गेलो. म्हणलं, "वैनी, लय भूक लागलीया. तुमी जे खाताय तेच वाढा." तिनं ताटावर पदर ओढला. मला हसू आलं. म्हणलं चोरून गोडधोड खाती वाटतं, आन् मी पदर बाजूला सारला.

ताटात भात व्हता, आन् त्यावर काळं पातळ पाणी. हुलगं शिजवल्यावर वरचं उरतं ते. दाणा एक न्हाई. मी पळी घिऊन मडकं ढवळलं. तळाला नुसतं मीठ. मांडीवर पोरगी. वैनी त्याच पाण्यात बोट बुडवून तिच्या तोंडात देत व्हती. पोरगी ते बोट चोखत व्हती. तिचं मनगट माझ्या अंगठ्यावढं.

मी म्हणालो, "दाणं कुटं हायेत?"

मी उठून कणगीत हात घातला. हात तळाला लागला. शेण-मातीनं सारवलेला तळ, झाडून घेतलेला. वालाचं मडकं पालथं. एका फडक्यात हरभऱ्याची मूठ बांधून ठेवलेली, माझ्या उद्याच्या सकाळची.

सरुआत्या माझा आवाज ऐकून दारात आली व्हती. ती म्हणाली, "कशाला हुडकतोस? समदं तुझ्या अंगावर हाय. दाणं तुला, पाणी तिला. म्हयना झाला, तिला धड दूध येत न्हाई. रेडकाची दया आली तुला, लेकराची न्हाई आली."

वैनी म्हणाली, "आत्या, गप ऱ्हावा. भावजी आत्ताच आल्यात."

मी वैनीकडं बघितलं. तोंडाकडं नीट कधी बघितलंच न्हवतं चार म्हयन्यांत. गालाची हाडं वर आलेली. ज्या खांद्यावर पोतं बसायचं तितं पोलक्याखाली नुसती खुंटी. मला जमीन फाटावी न् आत जावं असं झालं. काल जे बोललो ते कानात वाजाय लागलं.

मी लोटा उचलला न् आत्याच्या शेळीखाली जाऊन बसलो. भंडाऱ्याचं जे व्हायचं ते होऊ दे, म्हणलं. आता तुमी म्हणाल, बरं केलंस, हौशीराम. थांबा. अजून हाय.

आत्याच्या गोठ्यातनं आमच्या दाराला यायचं तर पारावरनं यावं लागतं. पारावर तवर कोंडाजी वस्ताद न् आठ-दहा माणसं येऊन बसलेली, माझीच वाट बघत. मी फेटा डोक्यावरनं काढला आन् लोट्यावर टाकला. झाकला लोटा. जिंकलेल्या फेट्यानं झाकला. वस्ताद म्हणाला, "वाघा, काय रं ते?"

मी म्हणालो, "परसाद हाय."

वस्तादानं बसल्या जागेवरनं लोट्याला हात लावून कपाळाला लावला. मग बाकीच्यांनी लावला. मी तितं उभा, न् पोरगी तिकडं घरात.

कापसाच्या बोळ्यानं वैनीनं तिला दूध पाजलं. पहिल्या दोन बोळ्यांना तिला ओढताच येईना. तिसरा बोळा तिनं ओढला. मी भिंतीला टेकून बसलो व्हतो, न् वैनीच्या पाया पडावं असं लय मनात आलं, पण दीर भावजयीच्या पाया कसा पडतो ते मला समजंना. पोरगी झोपल्यावर वैनीनं तोंड पुसलं आन् इचारलं, "भावजी, कुस्तीचं काय झालं?"

मला 'जिंकलो' म्हणवलं न्हाई. नुसती मान हलवली.

पोरगी जगली, आत्याच्या शेळीवर. चांदीला मी मामाकडनं माघारी आणली, गावाला म्हणलं नेम आता माझ्या एकट्यापुरता. म्होरच्या येताला, ती पुन्हा व्याली तवा, रेडकाला दोन सड सोडून उरलेलं दूध मायलेकींना. कुस्ती मी सोडली, लोकांना सांगितलं गुडघा गेला. तेबी खोटंच. माझ्या पुरता मी नेम पाळला, अजून दूध पीत न्हाई. आन् वैनी जेवल्यावर तिचं ताट बघून मग मी बसतो. लोक हसत्यात, हसू देत. पण खरं काय ते कुणाला सांगितलं न्हाई. सरुआत्या गेली, तिनंबी गावात तोंड उघडलं न्हाई, वैनीनं घातली असंल शपथ. आजबी जत्रेत कोणी नवा पैलवान भेटला की मला दाखवून त्याला सांगत्यात, "हा बघ, दाण्यावरचा पैलवान."

आता परवाचं. मांडवात पंगत बसली, पावण्यांसंगं मलाबी बसावं लागलं. नवऱ्या मुलाचा मामा गेणू, मोठा थट्टेखोर माणूस, माझ्या शेजारच्या पानावर. वैनी वाढत व्हती. वाकलीया आता, कंबरेतनं. कस्तुरा समोरनं गेली तवा गेणू म्हणाला, "पैलवान, तुमी यवढं आडदांड न् पुतणी ही चिमणी. पोरीच्या वाटणीचंबी तुमीच खाल्लं जणू."

समदी पंगत हसली. माझ्या हातातला घास हातातच राह्यला. म्हणलं, हौशीराम, आता ऊठ. आता तरी ऊठ न् सांग.

वैनी भाताची पाटी घिऊन आमच्या म्होरं थांबली. म्हणाली, "न्हाई हो पावणं. पोरगी माझ्यावर गेलीया. मी पहिल्यापासनं अशीच बारीक."

गेणूनं तिच्याकडं बघितलं न् त्याला पटलं. तो म्हणाला, "व्हय, दिसतंयच की." पुन्हा हसू झालं.

ती बाई एकटी पोतं उचलायची. मला उठून यवढंच सांगायचं व्हतं. पण मी पानाकडं बघत समद्यांसंगं हसलो, आन् वैनीनं माझ्या पानात भात वाढला.