दोन पानांचं लग्न

शुक्रवारी संध्याकाळी मोरेनिकेला कामावरून काढलं. तिला एकटीला नाही, मासिकाचा अख्खा फोटो विभागच बंद केला. मालक म्हणाला, "लोक आपली लग्नं आपणच मोबाईलवर टाकतात, मासिक घेतंय कोण?" इतकी वर्षं तिने सगळ्या लेगॉसची लग्नं छापली. आता झालं, खल्लास.

आणि शनिवारी तिच्याच धाकट्या बहिणीचं, अदुन्नीचं लग्न.

ते जमलं होतं मासिकाच्या जोरावर. मुलाची आई, कोलादेची मम्मी, आधी ऐकतच नव्हती. "शिंप्याची पोर माझ्या घरात?" मग कळलं, मोठी बहीण मासिकात आहे. मोरेनिकेही बोलून बसली, "मम्मी, दोन पानं देते. रंगीत." बाई विरघळली. झाडून सगळ्या पाहुण्यांना एकाच निळ्या कापडाचे कपडे शिवायला लावले, का तर पानावर उठून दिसावं.

घरून निघताना आईने बजावलं, "तोंड उघडू नकोस. पोरगी एकदा त्या घरात पडू दे."

सुरुलेरे भागातल्या हॉलमध्ये ढोल घुमत होते. मोरेनिकेच्या गळ्यात कॅमेरा होता आणि मम्मी तिला हाताला धरून फिरवत होती.

"ही माझी नणंद. किती वर्षं बोलत नव्हती माझ्याशी! मासिकाचं नाव काढलं आणि बघ, आली धावत."

"तुझ्यासाठी नाही आले गं," नणंद म्हणाली. "एवढा फेटा बांधलाय, तो कुणी बघायला नको?"

दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. "नावं नीट टाक हं," मम्मी म्हणाली. "माझं आधी."

मोरेनिकेला राहवेना. जोलोफ भाताच्या पातेल्यांमागे तिने मम्मीला बाजूला घेतलं.

"मम्मी, मला काल काढलं. पानं येणार नाहीत."

मम्मीचं हसू होतं तसंच राहिलं. डोळे तेवढे बदलले.

"कुणाला माहितेय?"

"फक्त आईला. अदुन्नीला नाही."

"म्हणजे फसवून पोरगी गळ्यात मारताय माझ्या."

"मम्मी, तिचा काय दोष..."

"गप्प! नणंदेला कळलं तर जन्मभर दात काढेल. कॅमेरा खाली ठेवायचा नाही. तुझ्या बहिणीचं काय करायचं ते मी बघते."

तेवढ्यात ढोल वाढले. मम्मी जाऊन आपल्या खुर्चीत बसली. अदुन्नी मैत्रिणींसोबत नाचत आली आणि सासूसमोर गुडघे टेकून वाकली. सासूने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला की ती सून. सगळा हॉल त्या हाताकडे बघत होता.

हात मांडीवरच होता.

ढोलवाल्यांनी तीच चाल पुन्हा घेतली. कुणीतरी खोकलं. अदुन्नीने ओढणीखालून हळूच वर पाहिलं, मग बहिणीकडे.

मोरेनिकेने कॅमेरा डोळ्याला लावला.

मम्मीने मान वळवली. सुनेकडे नाही, कॅमेऱ्याकडे. हसली आणि हात अदुन्नीच्या डोक्यावर ठेवला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मोरेनिके बटण दाबत राहिली. फोटो केव्हाच झाला होता, तरी मम्मी कॅमेऱ्याकडे बघत तशीच होती, हात डोक्यावर. अदुन्नीचे गुडघे अवघडलेत, हे दिसत होतं तिला. पण कॅमेरा खाली घ्यायची हिंमत होईना.