भामाबाईंच्या बाहीवरचे पंख

मी एक बिल्ला आहे. कापडाचा, चार बोटं रुंद. मधोमध छत्री, दोन्ही अंगांना पंख. विमानातून उडी मारणाऱ्या शिपायाच्या बाहीवर बसायचा मान माझा!

जन्मलो कुठल्याशा शिवणयंत्राखाली. पण जीव आला तो जगनच्या उजव्या बाहीवर. जगन पनवेलच्या खाडीकाठचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. पलटणीत बारा वर्षं काढलेला हवालदार. विमानाचं दार उघडलं की वारा असा झोंबायचा, वाटायचं सगळे टाके सुटणार. "जा!" म्हटलं की जगन बाहेर, आणि मी किंचाळत त्याच्याबरोबर. मग वर छत्री फुलायची आणि पोटात नुसत्या गुदगुल्या. बिल्ल्याला पोट नसतं, हे तेव्हा आठवतंय कुणाला!

घोटाळा एकच. हे त्याने आईला, भामाबाईंना, कधी सांगितलंच नव्हतं. "मी छत्र्यांच्या घड्या घालतो," एवढंच घरी ठाऊक. छप्पन साली भातझोडणीच्या दिवसांत तो रजेवर आला, आणि शेजारच्या सखूबाईंनी खळ्यातच मला चिमटीत धरलं.

"जगन्या, ये पंख कशाचे रं?"

"इमानातून उडी मारतो त्याचे," तो बोलून गेला, आणि जीभ चावली.

भामाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "का? इमान बिगडतं काय?"

"नाय आये, चांगलं असतं."

"चांगल्या इमानातून उडी? आता त्या नोकरीचं नावच काढू नको. तू जायाचा नाय."

रजा संपायला दोन दिवस. बारा वर्षांची नोकरी आणि माझं आभाळ, दोन्ही खळ्यात अडकली.

जगनने उडवीवर, म्हणजे पेंढ्याच्या उंच ढिगावर, चढून खालच्या मोकळ्या पेंढ्यात उडी मारून दाखवली. पाय जुळवलेले, गुडघे वाकवलेले, टेकताच कुशीवर लोळण.

"तू शिकलेला," भामाबाई म्हणाल्या. "मना शिकव. मी धड उतरली तर जा. हाड मोडलं तर हितंच ऱ्हायाचं."

काष्टा घट्ट खोचला, वरून जगनचा शर्ट माझ्यासकट चढवला आणि बाई शिडीने वर! मागून सखूबाई, ढकलायची कामगिरी घेऊन. वर पोचल्यावर मात्र भामाबाईंनी खाली बघितलं आणि बाहीवर मलाच असं घट्ट धरलं की माझे पंख चुरगळले.

खाली जगन पांढराफटक. "आये, शिडीने उतर! नोकरी गेली खड्ड्यात, मी ऱ्हातो!"

"गप रं! पाय जुळवलेत मी."

"मग जा!" म्हणत सखूबाईंनी पाठीत धपका घातला.

उडालो! भामाबाईंनी एकवीरा आईला हाक मारली, ती निम्म्यावर असतानाच आम्ही पेंढ्यात गडप. जगन धावला. पेंढ्यातून आधी खोकला आला, मग हसू. खदखदून, डोळ्यांत पाणी येईतो.

"मेल्या, रोज असं करतोस आनि वर पगार बी घेतोस? जा तू. पंख मात्र माजे."

"पाच उड्यांशिवाय नाय मिळत, आये."

भामाबाई तोवर शिडीवर होत्या.

आता मी त्यांच्या चोळीच्या बाहीवर असतो. रंग विटलाय, कडांना मिठागराचं मीठ बसलंय, पण मजेत आहे. पनवेलच्या बाजारात भेटलो तर एवढीच विनंती: हे पंख कसले, असं त्यांना विचारू नका. त्या सांगत नाहीत. आधी जवळपास उंच काय आहे, ते बघतात.