आबांची वहाण

त्र्याण्णव साली आबांच्या पोरानं, दादासोनं, जुनी मोटार घेतली, तेव्हा आबांनी फर्मान काढलं, "गाडी लक्ष्मी हाय. पायताण काढून बसायचं." तेव्हापासून निरवांगी ते बारामती अख्खं घर अनवाणी हिंडायचं आणि वहाणा सीटखालून प्रवास करायच्या.

एकदा दादासो अंगणात गाडी लावत असताना आबा अनवाणीच उतरले आणि पुढं उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणू लागले. गाडी एकदम उसळून आली. गोठ्याच्या भिंतीशी आबांच्या मांडीचं हाड मोडलं.

"आबा, माजा पाय ब्रेकवर हुता! गाडी आपसूक पळाली!"

"बैलगाडी तरी पळती का आपसूक? वाटणी दिली न्हाय म्हणून घातलीस अंगावर!" दवाखान्यात येईल त्याला आबा हेच सांगू लागले.

शेवटी दादासोची बायको सिंधुबाई गाडी झाडायला गेली. आबांचीच जाडजूड वहाण सीटखालून घसरून अ‍ॅक्सिलरेटरवर रुतून बसली होती. तिनं ती तशीच दवाखान्यात नेली.

"मामंजी, ही कुनाची?"

आबांनी वहाण पांघरुणाखाली सारली. मग भेटायला आलेल्यांना म्हणाले, "पोराचा दोष न्हाय. गाडीच खोडील हाय."

गाडीतून घरी नेताना त्यांनी चांगल्या पायातली वहाण काढलीच. फक्त या खेपेला ती घरापर्यंत उराशी धरून ठेवली.