उलटलेले पान

"वहिनी, एक वाक्य राहिलं. तेवढं घालून टाका."

नवे खासदार लघुलेखकांच्या खोलीच्या दारातच उभे होते. अंगात कोरा कोट, कपाळावर घाम. लघुलेखिकेने टायपिंग थांबवले आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. सव्वीस वर्षे ती संसदेत बोललेला शब्दन् शब्द टिपून घेत होती. पदरचे कधी काही घातले नव्हते.

हे खासदार निवडून येईपर्यंत तिचा नवरा काम करायचा त्या कारखान्याच्या युनियनचे सेक्रेटरी होते, त्याचे जिवलग. तिथला बॉयलर फुटून नवरा गेला आणि चौकशीत चूक त्याच्याच माथी मारली गेली. निवडून आल्यावर हे घरी येऊन पेढे देण्याआधी शब्द देऊन गेले होते, "पहिल्याच भाषणात दादाचं नाव घेतो. बॉयलर खराब आहे हे त्यानं तीनदा लिहून दिलं होतं, हे सगळ्यांना ऐकवतो." म्हणून तर आजची टिपून घ्यायची पाळी तिने सहकाऱ्याकडून मागून घेतली होती.

पहिल्या भाषणात मध्ये कुणी बोलायचे नाही, असा सभागृहाचा रिवाज. भांडण नाही म्हटल्यावर निम्मे सदस्य चहाला गेले होते. खासदारांनी पक्षाध्यक्षांचे आभार मानले, मतदारांचे मानले, पुन्हा पक्षाध्यक्षांचे मानले. तिची पेन्सिल धावत होती आणि कानात प्राण आणून ती एका नावाची वाट पाहत होती. ते आलेच नाही.

"वेळ संपल्याची घंटा झाली हो," ते आता म्हणाले. "छापून आलं म्हणजे झालं. कोण बघतंय?"

मोह तिलाही झाला. त्याचे नाव संसदेच्या छापील कागदावर, कायमचे. लेकीला दाखवता आले असते.

"घंटा नंतर झाली, भाऊजी. पक्षाध्यक्षांनी मागं वळून पाहिलं आणि तुम्ही ते पान न वाचताच उलटलंत. मी समोरच बसते."

"कारखान्याचे मालक त्यांच्या जवळचे आहेत, वहिनी. पुढच्या वेळी नक्की घेतो."

"घ्या. तेव्हा लिहीन."

ते गेल्यावर तिला रडू आले. राग त्यांचा आला, तेवढाच स्वतःचाही आला. मग डोळे पुसून तिने शेवटची ओळ टाइप केली: सदस्यांनी बाके वाजवून भाषणाचे स्वागत केले. पान पुन्हा एकदा वाचून पाहिले. चूक कुठेही नव्हती.