चिमट्याचे दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे, पण पोळ्या भाजणारा नव्हे. चार फूट लांब जाड लोखंड, खाली गॅसच्या शेगड्या, पायांना चाकं. जन्म सिडनीतल्या कारखान्यात, आयुष्य गावोगावच्या मुलांच्या फुटबॉल मैदानांच्या कडेला. शनिवारी माझ्यावर सॉसेजं भाजतात, कांदा परततात, पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून पोरांना देतात. माझं कौतुक फार झालं. घासणारे मात्र कमी मिळाले.

आमच्याकडे असा समज आहे, की चिमटा हातात धरून उभा राहिलेला माणूस चांगलाच असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. येरीना गावच्या मैदानावर रॉस असाच उभा राहिला. माझ्या कडेवर चिमट्याचे दोन ठोके द्यायचा आणि सात वर्षांच्या डॅरिलला एक सॉसेज फुकट. आमिष माझ्यावर भाजलं गेलं, मित्रांनो. हे मी विसरलो नाही. पुढे त्याने मुलांशी काय केलं ते सगळं उघडकीस आलं, रॉस तुरुंगात गेला, तिथला क्लब बंद पडला. डॅरिलची मोठी बहीण नॅरेल मोठी झाल्यावर मला कुरांबीच्या क्लबात घेऊन आली. डॅरिलने पुन्हा सॉसेज तोंडात घातलं नाही.

सव्वीस वर्षांनी एका शनिवारी कडेवर दोन ठोके पडले. दाढी पांढरी, पोट नवं, ठोके तेच. कांदा चिरणारी नॅरेल थांबली. मग हात पुसून तिने मदतनिसांचा तक्ता त्याच्यापुढे केला.

"नाव लिहा. पूर्ण लिहा हं, विम्यासाठी लागतं."

क्लेमेंट रॉस टली, त्याने वळणदार अक्षरात लिहिलं. त्या दिवशी एकही पोर तिने त्याच्या हाताजवळ येऊ दिलं नाही. प्रत्येक सॉसेज स्वतः दिलं.

सोमवारी ती पोलीस ठाण्यात जाऊन आली आणि मला घासता घासता डॅरिलला फोनवर सांगू लागली. मुलांवरच्या गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाने पत्ता, गाडी, नोकरी, मुलांच्या क्लबशी आलेला संबंध, सगळं सात दिवसांत स्वतःहून पोलिसांना कळवायचं. न कळवणं हाच गुन्हा. क्लबचं त्याने कळवलं नव्हतं, पण मुदत अजून भरायची होती. तोवर सार्जंट प्रीस त्याच्यावर नजर ठेवणार होते.

"त्याला आठवण करून देऊ का, विचारत होते," ती म्हणाली. "म्हटलं, दरवर्षी नियम ऐकून सही करतो ना? उगाच कशाला त्रास द्यायचा बिचाऱ्याला."

ब्रश इतका जोरात फिरला, की माझा जुना गंजही निघाला.

पुढचा सामना रविवारी होता. त्याने नाव लिहिल्यापासून आठवा दिवस. रॉस आला, ठोके दिले. सार्जंट प्रीस रांगेतून पुढे आले.

"एक द्या, कांदा जास्त. आणि टली, हा क्लब आमच्या नोंदीत कुठे दिसत नाही."

आपण नुसती सॉसेजं उलटत होतो, असं तो म्हणाला. नॅरेलने तक्ता पुढे धरला.

"अक्षर सुरेख आहे त्यांचं."

डॅरिल दूर गाडीत बसला होता. उतरला नाही. काच मात्र खाली केली.

मित्रांनो, तुमच्याकडे मागणं एवढंच: मला तेल लावून ठेवा, आणि चिमटा धरणाऱ्याला आधी नाव विचारा, मग कांदा मागा.

राहता राहिला रॉस. सार्जंटबरोबर निघण्यासाठी वळताना त्याने आधाराला पंजा माझ्यावर टेकला. मी किती तापलो आहे, हे त्याला कळवण्याचं बंधन माझ्यावर नव्हतं.